गोलातली ओळख : स्वतःचा अवतार कसा घडवावा

गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवडाभर आधी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवायच्या चौकटीच्या, सामानाची वाटणी चालली होती. सुपारीचे घोस कोणी आणायचे, नारळाची पेण (घड) कोणाच्या कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, यायची, हे ठरत असतानाच घरातल्या सहा भाचे-पुतण्यांनी एकाच ॲपवर आपापले अवतार तयार करून प्रोफाइलच्या गोलात बसवले होते. आई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि मग तिने मला विचारले, "हातूंतलो आमचो खंयचो?" (यांतला आमचा कोणता?) सहाही चेहरे गोरे, गुळगुळीत, मोठ्या डोळ्यांचे होते आणि सगळ्यांचे हसू एकाच साच्यातून काढल्यासारखे होते. प्रत्येकाने त्यासाठी अर्धा-अर्धा तास घालवला होता, तरी आजीला आपला नातू ओळखता आला नव्हता.

मी शाळेत चित्रकला शिकवते. त्या दिवसानंतर सुट्ट्यांमध्ये घरातल्या आणि शेजारच्या बऱ्याच जणांचे अवतार मी त्यांच्या शेजारी बसून करून घेतले, आणि त्यातून जी रीत जमत गेली ती येथे मांडत आहे. तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : चेहरा किती हुबेहूब उतरला यापेक्षा दोन-तीन खऱ्या खुणा किती नेमक्या निवडल्या यावर अवताराची ओळख ठरते, आणि त्या खुणा आरशात पाहून सापडत नाहीत, आपल्या माणसांना विचारूनच सापडतात.

अवतार म्हणजे खाली उतरणे. 'अव' हा उपसर्ग आणि 'तॄ' हा धातू मिळून तो शब्द झाला. १९८० च्या दशकाच्या मध्यात ल्युकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या संगणकीय खेळात खेळाडूच्या पडद्यावरील आकृतीला हाच शब्द लावला गेला आणि पुढे तो जगभर रूढ झाला. मराठीत त्याचा आणखी एक घरगुती अर्थ आहे. चिखलात खेळून आलेल्या मुलाला आई दारातच म्हणते, "हा काय अवतार करून आलास!" म्हणजे मराठी माणसाच्या बोलण्यात अवतार हा केवळ देवाचा नसतो, आपण या घडीला लोकांना कसे दिसतो, तेही त्या शब्दात येते. पडद्यावरच्या चित्रासाठी मला हा दुसरा अर्थ अधिक उपयोगी वाटतो.

गोव्यात या कामासाठी एक उत्तम गुरू डोळ्यांसमोर आहे, तो म्हणजे दशावतारी नट. पेडणे महालात आणि पलीकडे सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री जे दशावतारी नाटक होते, त्यातला नट पेटाऱ्याजवळ आरसा घेऊन बसतो आणि आपला चेहरा आपणच रंगवतो. मांडवाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला पात्र ओळखता यावे म्हणून भुवईची जाडी, गंधाचा आकार, मुकुट, शेल्याचा रंग अशा मोजक्या गोष्टी तो ठळक करतो आणि बाकीचे सोडून देतो. संकासुर आला हे त्याच्या काळ्या वेशावरून आणि चेहरा झाकणाऱ्या काळ्या मुखवट्यावरून लहान मुलालाही तत्क्षणी कळते. फोनच्या पडद्यावर आपला अवतार हरभऱ्याएवढा दिसतो. तेव्हा आपले प्रेक्षकही शेवटच्या रांगेतच बसलेले आहेत असे समजून कामाला लागावे.

आधी विचारावे, मग काढावे

कोणतेही ॲप उघडण्यापूर्वी पाच माणसांना एक प्रश्न विचारावा : "म्हार्दोळच्या जत्रेच्या गर्दीत मला कोणाला दाखवून द्यायचे असेल, तर काय सांगाल?" पाचांपैकी एक घरातला असावा, एक कामाच्या ठिकाणचा, एक जुना मित्र, एक शेजारी आणि एक जण असा असावा की जो आपल्याला जेमतेम दोन-चार वेळा भेटला आहे. मिळालेली उत्तरे त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहावीत. आपल्या मनाने त्यांना गोंडस रूप देऊ नये, कारण त्यांच्या शब्दांतच चित्र असते. "थोडा वाकून चालतो", "बोलताना मान डावीकडे कलते", "पदर खोचलेलाच असतो" यांतल्या प्रत्येक वाक्यातून एक रेषा निघते. "स्वभावाने चांगला आहे" यातून काहीच निघत नाही. असे उत्तर आले तर पुन्हा विचारावे.

माझी आई मराठी प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आहे. तिच्याविषयी पाचही जणांना विचारले तेव्हा तिघांनी नाकाच्या टोकाकडे घसरलेला चष्मा सांगितला, दोघांनी अंबाड्यावरची अबोलीची फाती, म्हणजे गजरा, सांगितली आणि शेजारच्या मुलाने तांबडे पेनही सांगितले, कारण निवृत्तीनंतरही वाड्यावरच्या मुलांच्या वह्या ती तपासून देते. तिला स्वतःला मात्र चित्रात हातातल्या सोन्याच्या पाटल्या हव्या होत्या, आणि त्या कोणालाच आठवल्या नव्हत्या. लोकांना दिसणारे आपण आणि आपल्याला दाखवावेसे वाटणारे आपण यांत असे अंतर बहुतेकांच्या बाबतीत निघते. त्याची लाज वाटू देऊ नये. मी साधारणपणे दोन खुणा लोकांच्या उत्तरांतून आणि एक स्वतःच्या इच्छेतून घ्यायला सांगते. लोकांच्या खुणांमुळे अवतार ओळखू येतो, आणि स्वतःच्या खुणेमुळे तो आपलासा वाटतो.

आपल्याकडे अनोळखी माणूस देवळाच्या मंडपात भेटला की पहिला प्रश्न येतो, "तूं खंयचो रे?" त्याच्या उत्तरात गाव येतो, वाडा येतो, घर येते, मग काम. हा प्रश्नही स्वतःला विचारून पाहावा, पण त्याचे उत्तर जसेच्या तसे चित्रात घालण्याची घाई करू नये. माझा एक चुलतभाऊ तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा, आहे. सगळ्यांनी त्याच्यासाठी जहाज, नांगर, पांढरा गणवेश सुचवला. तो म्हणाला की वर्षातले जे महिने तो घरी असतो, त्यात तो मिरीच्या वेली चढवतो आणि बांध घालतो, आणि बोटीवरही त्याचे मन त्या कुळागरातच असते. त्याच्या अवतारात आता खांद्यावर पंचा आणि मागे पोफळीची सरळ खोडे आहेत. अशा बाबतीत शेवटचा शब्द ज्याचा अवतार त्याचाच असला पाहिजे.

खुणा निवडताना

गोव्याच्या माणसाने एका गोष्टीपासून सावध राहावे असे मला फार मनापासून वाटते. पर्यटनाच्या फलकांनी जगाला एक गोवा शिकवला आहे, ज्यात वाकलेला माड, सूर्यास्त, फुलाफुलांचा शर्ट आणि गवताची टोपी असते. चित्र तयार करून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना मी अनेकदा 'गोव्यातील शिक्षिका', 'गोव्यातील शेतकरी' असे वर्णन देऊन पाहिले, आणि बहुतेक वेळा मागे समुद्रकिनारा उगवला. सत्तरी किंवा सांगे या समुद्रापासून दूरच्या तालुक्यांत राहणाऱ्या, डोंगर आणि काजूच्या बागा पाहत वाढलेल्या माणसाच्या मागे समुद्र कशासाठी? मच्छीमाराच्या घरातल्या मुलीने समुद्र घ्यावा, तो तिचाच आहे. पण तिच्या समुद्रात होडी, जाळे आणि पहाटेचा करडा उजेड असेल, नारिंगी सूर्यास्त बहुधा नसेल. ज्याला पार्श्वभूमी हवी आहे त्याने आपल्या रोजच्या वाटेवरची वस्तू घ्यावी : तुळशीवृंदावन, जांभ्या दगडाचा गडगा, खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) बांधावरची मानस, म्हणजे पाणी अडवायची झडप, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी, देवळाची दीपमाळ.

वस्त्राने ओळख किती बदलते हे पाहायचे असेल तर गोव्यातल्या सांत इस्तेवचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचे काम आठवावे. १९०२ ते १९६७ हा त्यांचा काळ. त्यांनी मेरीमातेला साडी नेसवली आणि युरोपातून आलेली प्रतिमा इथल्या मातीतली वाटू लागली, तीही चेहऱ्याच्या आधी वस्त्रामुळे. अवतारातही हेच होते. ॲपने दिलेला जाकीट-टीशर्ट उतरवून आपण खरोखर घालतो तो कपडा चढवला की निम्मे काम होते. मात्र येथे एक मर्यादा पाळावी. तांबड्या चौकड्यांची कुणबी साडी किंवा शेतकऱ्याची काष्टी हा गावडा-कुणबी समाजाच्या कष्टांचा पोशाख आहे. ज्यांच्या आजीने तो नेसून शेतात लावणी केली, त्यांच्या अवतारावर तो शोभतो. शिगम्याच्या मिरवणुकीपुरता तो नेसणाऱ्याने तो आपला रोजचा चेहरा म्हणून लावू नये, असे माझे मत आहे. कुलदेवतेविषयीही तसेच. देवीचे मुख स्वतःच्या मुखाच्या जागी लावण्याऐवजी तिच्या देवळाची एखादी रेषा मागे घ्यावी. त्यात श्रद्धाही राहते आणि समोरच्याला आपण कोणाशी बोलत आहोत तेही कळते.

निवडलेली खूण लहान आकारात टिकते का, हे ताबडतोब तपासावे लागते. माझा पुतण्या चवथीच्या आरतीला घुमट, म्हणजे तोंडावर कातडे ताणलेले मातीचे वाद्य, वाजवतो. त्याला अवतारात घुमट हवेच होते. पहिल्या चित्रात आम्ही मातीचे ते सुबक भांडे छातीशी काढले, आणि चित्र लहान करताच ते नुसते मडके दिसू लागले. मग तो वाजवताना कसा उभा राहतो ते मी पाहिले. गळ्यात पट्टा, एक खांदा उचललेला, डावा तळवा लहान तोंडावर, उजव्या हाताची बोटे कातड्यावर, मान किंचित आत झुकलेली. आम्ही घुमट अर्धे गोलाबाहेर जाऊ दिले आणि तो पट्टा, तो तिरपा खांदा आणि कातड्यावरची बोटे ठेवली. आता चित्र नखाएवढे केले तरी तो काहीतरी वाजवतो आहे हे कळते. वस्तू काढण्यापेक्षा वस्तू हातात असताना होणारी शरीराची ठेवण काढावी, हे मी त्या दिवशी शिकले. लोटलीचे मारिओ मिरांडा यांची रेखाचित्रे या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहेत. पणजीच्या बाजारातल्या त्यांच्या माणसांकडे नीट पाहिले तर नाकाचा एक कोन, पोटाचा एक फुगवटा आणि उभे राहण्याची एक तऱ्हा एवढ्यावर कोळीण, भाटकार (जमीनदार) आणि पाद्री वेगळे ओळखू येतात.

गोलात बसवणे

बहुतेक ठिकाणी चित्र चौकोनी द्यावे लागते आणि दिसते मात्र गोल. चौकोनात मावणारा सर्वांत मोठा गोल काढला तर चौकोनाचे सुमारे ७८.५ टक्के क्षेत्रफळच त्यात येते, उरलेले २१.५ टक्के, म्हणजे चारही कोपरे, कापले जातात. म्हणून कागदावर आधी वाटी ठेवून गोल आखावा आणि त्याच्या आतच काम करावे. डोळे गोलाच्या मध्यरेषेच्या थोडे वर यावेत, डोक्यावर बोटभर जागा राहावी, आणि खांद्यांची रेषा गोलाच्या तळाशी दोन्हीकडे कडेला भिडावी. ती मध्येच तुटली तर डोके हवेत तरंगल्यासारखे वाटते.

पहिला कच्चा आराखडा पेन्सिलने काढावा आणि त्यात चेहरा काढूच नये. फक्त बाह्याकृती काढून ती आतून काळी भरावी. केसांची ठेवण, कानांची उंची, मानेची लांबी, खांद्यांचा उतार आणि निवडलेली एखादी खूण एवढ्यावर घरातल्या माणसाने ओळखले, तर आराखडा जमला. ओळखले नाही, तर नाक-डोळे घालून तो सुधारणार नाही. पुन्हा बाह्याकृतीकडेच जावे. या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, आणि दहा-बारा कागद वाया गेले तरी ते वाया गेले असे मानत नाही.

त्वचेचा रंग आणि बाकीचे रंग

आमच्या घरातल्या त्या सहा चेहऱ्यांची सर्वांत मोठी चूक रंगात होती. फोनच्या कॅमेऱ्यातली सौंदर्य वाढवणारी सोय चालू असताना काढलेल्या फोटोवरून ॲपने रंग उचलला, आणि त्यातही मुलांनी हळूच एक छटा उजळ निवडली. गोरेपणाचा हा सोस आपल्या घरांत किती खोल आहे हे मला ठाऊक आहे, म्हणूनच मी येथे आग्रह धरते : अवताराचा रंग आपलाच असला पाहिजे. त्यासाठी फोटो सकाळी नऊच्या सुमारास किंवा दुपारी चारनंतर सोप्यावर, थेट ऊन नसलेल्या उजेडात काढावा, फ्लॅश आणि सर्व फिल्टर बंद ठेवावेत, आणि अंगात पांढरा किंवा करडा कपडा असावा, कारण भडक कपड्याची झाक गालावर उतरते. मग चित्र काढण्याच्या साधनातल्या रंग उचलण्याच्या सोयीने कपाळ, गाल आणि मान अशा तीन ठिकाणचे रंग घ्यावेत आणि त्यांच्या मधला रंग पाया म्हणून धरावा. सावलीसाठी त्यात काळा मिसळू नये. सावळ्या त्वचेची सावली तांबूस-तपकिरी असते. काळा मिसळला की चेहरा राखेसारखा दिसतो.

इमोजींतल्या ज्या पाच छटा आपण रोज वापरतो, त्या युनिकोडने २०१५ साली आणल्या. त्यांचा आधार त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडलेली श्रेणी हा आहे. ती श्रेणी त्वचा उन्हात किती भाजते आणि किती काळवंडते यावर बेतलेली होती. तिच्यात पुढे सहा प्रकार झाले आणि इमोजींसाठी पहिले दोन एकत्र केले गेले. माणसांचे सगळे रंग पाच खणांत मावावेत हा तिचा उद्देशच नव्हता, म्हणून जेथे छटा स्वतः मिसळता येते तेथे तयार खणावर समाधान मानू नये.

उरलेल्या रंगांविषयी सांगायचे तर आपल्या देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवरची कावी कला पाहावी. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर जांभ्या मातीच्या तांबड्या रंगाचा, म्हणजे कावेचा थर देतात आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. रंग दोनच, सावली नाही, चकाकी नाही, आणि तरीही वेलबुट्टी अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येते. अवतारालाही त्वचा आणि केस सोडून आणखी दोन रंग पुरतात. काव पडद्यावर आणायची असेल तर लाल १५०, हिरवा ५८, निळा ४० या मिश्रणापासून सुरुवात करावी आणि आपल्या डोळ्याला पटेल तसा फरक करावा. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून जे जागतिक निकष आहेत, त्यांत चित्रातल्या महत्त्वाच्या आकारासाठी शेजारच्या रंगाशी निदान ३ ला १ इतका उजेड-अंधाराचा फरक सांगितला आहे. तो अंदाजे तपासण्याचा घरगुती उपाय असा की चित्र पूर्ण कृष्णधवल करून पाहावे. तांबडा शेला हिरव्या पार्श्वभूमीत विरघळून गेला, तर लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या माणसालाही तो तसाच विरघळलेला दिसू शकतो.

केसांतल्या फुलांचा एक प्रश्न येतोच. टिकली, साडी अशा गोष्टी आता काही ॲपांत मिळतात, पण अबोलीची फाती किंवा सुरंगीचा वळेसर (गजरा) मला कोठेही तयार सापडलेला नाही. अशा वेळी ॲपमधून नुसता चेहरा तयार करून त्याचे चित्र जतन करावे आणि फुले वरून स्वतः काढावीत. अबोलीसाठी केशरी-गुलाबी रंगाचे एकात एक गुंतलेले लहान ठिपके पुरतात. प्रत्येक पाकळी काढू नये.

चेहरा नको असेल तर

सर्वांनाच आपला चेहरा जगापुढे ठेवावासा वाटत नाही, विशेषतः मुलींना, आणि त्यामागची कारणे मी कोणालाही विचारत नाही. अशा वेळी नावाचे आद्याक्षर हा चांगला पर्याय आहे, आणि देवनागरी अक्षरात जे सौंदर्य आहे त्यापुढे मला इंग्रजी आद्याक्षर कोरडे वाटते. एकच अक्षर घ्यावे, काना-मात्रा टाळाव्यात, आणि शिरोरेषा गोलाच्या दोन्ही कडांपर्यंत ताणावी, म्हणजे अक्षर तुळईला टांगल्यासारखे स्थिर दिसते. ज्यांचे नाव 'ल' किंवा 'श' ने सुरू होते त्यांनी फाँट नीट पाहून घ्यावा. बऱ्याच फाँटांत हिंदी वळणाचा दंडयुक्त ल आणि गाठयुक्त श येतो. मराठी वळण पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचे आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात तेच मान्य केले आहे. 'टायरो देवनागरी मराठी' या मुक्त परवान्याच्या फाँटात मराठी वळणे मिळतात. ठसठशीत, गुबगुबीत अक्षर हवे असेल तर 'एक टाइप' या संस्थेचे 'बलू' आणि 'मोदक' पाहावेत. लक्ष्मी नावाच्या मुलीच्या गोलात पाकळीचा ल बसला की तो कमळासारखाच दिसतो. ही माझी आवड झाली, पण ती मी लपवणार नाही.

साधने

आयफोनवर मेमोजी आहेत, व्हॉट्सअ‍ॅपमध्येच अवताराची सोय आहे, आणि पहिला सराव म्हणून त्यांत काही वाईट नाही. ज्यांना स्वतः काढायचे आहे त्यांनी संगणकावर क्रिटा घ्यावे. ते फुकट आहे आणि कुंचल्याने रंगवल्यासारखे काम त्यात होते. अक्षरे आणि सपाट आकार यांसाठी इंकस्केप बरे, कारण त्यातले चित्र कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत. त्रिमितीय आकृती हवी असणाऱ्यांसाठी व्हीरॉइड स्टुडिओ आहे, परंतु त्याचे वळण जपानी चित्रकथांचे आहे आणि आपल्या नाका-ओठांसाठी त्यात बराच झगडा करावा लागतो. मूळ चित्र १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलचे ठेवावे. त्वचा, केस, कपडे, खूण आणि पार्श्वभूमी वेगवेगळ्या थरांवर ठेवावी, म्हणजे पुढे एकच गोष्ट बदलता येते. मग ते चित्र ४८ पिक्सेलपर्यंत लहान करून हातभर अंतरावरून पाहावे.

फोटो चढवून अवतार करून देणारी अनोळखी ॲपे मी मुलांना वापरू देत नाही. आपल्या चेहऱ्याचे ते काय करणार हे त्यांच्या अटींत शोधूनही नीट सापडत नाही, आणि पासवर्ड बदलता येतो तसा चेहरा बदलता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक मानली आहे. ती संमती देण्यापूर्वी पालकांनी मुलाशेजारी बसून अटी वाचाव्यात. कॅमेऱ्यातली ठिकाण नोंदवण्याची सोयही बंद ठेवावी, नाहीतर फोटोसोबत घराचा पत्ताही जाऊ शकतो.

एकच अवतार की अनेक?

कामाच्या ठिकाणी, घरच्या गटात आणि खेळात वेगळे अवतार ठेवण्यात काही गैर नाही. दशावतारी नटही एका हंगामात अनेक भूमिका करतो. त्या सगळ्यांत एखादी खूण मात्र समान ठेवावी. माझ्या भाचीच्या कार्यालयीन अवतारात आणि खेळातल्या योद्ध्यातही डाव्या भुवईवरची जुनी खोक आहे, आणि तिच्या मैत्रिणी तिला दोन्हीकडे ओळखतात.

खेळातला अवतार निवडताना मात्र थोडा विचार करावा, कारण अवतार आपल्यावरही परिणाम करतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ साली आभासी जगातले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना उंच अवतार दिला गेला ते पैशांच्या वाटणीत अधिक ठामपणे वागले, आणि ज्यांचा अवतार देखणा होता ते समोरच्याच्या अधिक जवळ जाऊन अधिक मोकळेपणाने बोलले. दिलेला अवतार योगायोगानेच वाट्याला आला होता, तरीही वागणे बदलले. लाजऱ्या मुलाने थोडा ताठ उभा राहणारा अवतार करावा, असे मी म्हणूनच सुचवते. ताठ उभे राहणे त्याला पुढे साधू शकते. दुसऱ्याचे नाक आणि दुसऱ्याचा रंग कधीच साधणार नाही.

शेवटची परीक्षा

चित्र पुरे झाले की ते ४८ पिक्सेलच्या आकारात, नाव झाकून, अशा माणसाला तीन सेकंद दाखवावे की ज्याने ते घडताना पाहिलेले नाही. "कसे आहे?" असे विचारू नये, कारण सगळे "बरे आहे" म्हणतात. "हे कोण?" एवढेच विचारावे. उत्तर चुकले तर कोणाचे नाव घेतले ते लिहून ठेवावे. ज्याच्याशी गल्लत झाली त्याच्याशी काय जुळते आहे ते शोधून तेवढेच बदलावे.

आईच्या अवताराची ही परीक्षा शेजारच्या मुलाने घेतली आणि तांबडे पेन दिसताच तिचे नाव घेतले. तिच्या पाटल्या पेन धरलेल्या मनगटावर आहेत. लहान गोलात त्या दिसत नाहीत. कोणी चित्र मोठे करून पाहिले तर दिसतात, आणि तिला तेवढे पुरेसे वाटले. मग मी तिच्यासमोर सहाही नातवंडांचे नवे गोल ठेवले. तिरप्या खांद्याच्या गोलावर तिने लगेच बोट ठेवले आणि म्हणाली, "हो घुमट वाजयता, तो आमचो." पाच जण तिने ओळखले. सहाव्याने मागे सूर्यास्तच ठेवला होता आणि डोळ्यांवर काळा चष्मा. त्याच्यासाठी पाच माणसांना विचारण्यापासून आम्ही पुन्हा सुरुवात केली आहे.